कळ

बुटांचा कारखाना बंद पडला तेव्हा
ओडेट लाव्हर्डिएर एकावन्न वर्षांची होती.
तेवीस वर्षं उजव्या पायाखाली शिलाईयंत्राची कळ.
आता त्याच पायाखाली दुसरी :
दाबली की डॉक्टर बोलतो,
सोडली की गप्प.
नवऱ्याला म्हणाली,
जन्मात पहिल्यांदाच कुणी पुरुष
मी पाय उचलला की थांबतो.

नऊ महिने टपालाने आलेले धडे,
स्वयंपाकघराच्या टेबलावर, रात्री भांडी झाल्यावर.
यकृत, प्लीहा, बरगड्यांमधले स्नायू.
लॅटिन तिला अगदीच परकं नव्हतं,
लहानपणी चर्चमध्ये गुडघे टेकून
न समजता घोकलेलं.
आता कळायला लागलं,
आणि भीती वाटायला लागली.

मग अर्ज. सतरा.
सतरा ठिकाणांहून एकच उत्तर :
दोन वर्षांचा अनुभव हवा.
तो कुठल्या दुकानात मिळतो
हे मात्र कुणी कळवलं नाही.

अठराव्या हॉस्पिटलच्या तळघरात
बारा बायका, बारा पाठी, खिडकी एक,
तीही अर्धी बर्फात.
व्हर्ना स्टिकनीने मान वर न करता सांगितलं,
उशिरा आलीस, बाई.
निम्मं काम परदेशी गेलंय,
उरलेलं यंत्र गिळेल.
वर आणखी : सारखं विचारायला येऊ नकोस,
आम्हालाही कुणी शिकवलं नव्हतं.

एक डॉक्टर सँडविच चावत बोलतो.
एक लिफ्टमध्ये शिरतो आणि वाक्याचं शेपूट
दारात अडकतं.
एक इतका हळू, की ती त्याच्यासाठी प्रार्थना करते.
ओळीमागे सात सेंट.
पहिल्या दिवशी एकशे चाळीस ओळी,
म्हणजे नऊ डॉलर ऐंशी,
त्यातले तीन पार्किंगला.
परत आलेल्या पानावर लाल शाई,
जणू पानाचंच ऑपरेशन झालंय.
हायपो की हायपर?
एवढ्याशा फरकात माणूस जातो, व्हर्ना म्हणाली,
आणि ते खरं होतं,
म्हणून जास्त लागलं.

फेब्रुवारीत एक फाइल आली.
पुरुष, अडुसष्ट, खोकला, धाप.
नाव वर होतं. आपण ते वाचलं नाही,
असं तिने स्वतःला बजावलं.
पूर्वीचा व्यवसाय, डॉक्टर भराभर म्हणाला,
एकतीस वर्षं, आणि एक शब्द
जो त्याला स्वतःलाच नीट ठाऊक नव्हता.
तिने तो लिहिला.
व्हर्नाने खोडून केलं : प्लास्टरर.

ओडेट उठली. गुडघा कुरकुरला.
पान व्हर्नाच्या टेबलावर ठेवून म्हणाली,
हा गिलावा करणारा नव्हे. लास्टर.
साच्यावर चामडं ताणून बसवतो तो.
तोंडात खिळे धरून.
शेजारी डिंकाचं भांडं, दिवसभर उघडं.
तो वास अजून माझ्या कोटाला आहे.

व्हर्नाने पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं.
काही बोलली नाही.
लाल रेघेवर पांढरा द्राव लावला,
फुंकर घालून वाळवला.

त्याच फाइलीत एका औषधाचं नाव
एकोणीस वेळा ऐकूनही लागेना.
अंदाज होता. जवळजवळ खात्री.
तरी तिने जागा कोरी ठेवली,
खाली एक रेघ, बस.
तेवढ्या शब्दाचे पैसे नाहीत.

रविवारी चर्चमध्ये दोन रांगा पुढे
कुणी खोकलं, बराच वेळ.
तिने डोकं प्रार्थनेच्या पुस्तकात घातलं.
नवऱ्याने विचारलं, ओळखतेस का?
ती म्हणाली, नाही.

रात्री पायात कळ आली,
टाचेपासून पोटरीपर्यंत.
उजव्याच.
अंधारात तिने तो थोडा उचलला,
आणि घरभर
सगळं बोलायचं थांबलं.